वन आरकेमध्ये मासे तळल्यावर राहणारा वास कमी खर्चात कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की भाड्याच्या वन आरकेत राहता, चिमणी बसवता येत नाही, रविवारी बांगडे तळले की मंगळवारपर्यंत चादरी-उशांनाही वास येतो आणि रूम फ्रेशनरचा उपयोग होत नाही. होणारच नाही. फ्रेशनर काय, उदबत्ती काय, आहे त्या वासात आणखी एकाची भर. मोगरा घातलेल्या बांगड्यापेक्षा नुसता बांगडा परवडला.

आमच्याकडे मासे नेहमीचेच, त्यामुळे सांगते: निम्मं काम तवा तापायच्या आधीच उरकायचं असतं. माशाचा तो विशिष्ट वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. समुद्राचा मासा जुना होत गेला की त्यातले जिवाणू हे तयार करतात. ते अल्कधर्मी असतं, त्यामुळे आंबट लागलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. कोकणात माशांना कोकमाचं आगळ लावतात ते चवीसाठी खरंच, पण त्यात हेही साधतं. कल्ले आणि पोटातली घाण कोळीण काढून देते. कण्याला आतून चिकटलेलं काळपट रक्त मात्र बहुतेक वेळा तसंच राहतं. ते वाहत्या पाण्याखाली नखाने खरवडून काढा. मग मीठ, हळद आणि आगळ किंवा लिंबू लावून 15-20 मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी फेकून द्या आणि मगच मसाला लावा. बरेच जण ते पाणी तसंच ठेवतात.

तळताना तेलाचे अगदी बारीक थेंब उडून पडदे, कपडे, भिंतीवर बसतात. दोन दिवस वास येतो तो यांचाच. त्यामुळे दोरीवरचे कपडे आधी काढा, अंथरूण कपाटात टाका. साधा टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून लावा आणि समोरचं दार किंचित उघडं ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. तेलाचा धूर निघू देऊ नका. उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी भाजीला वापरायचा मोह टाळा.

जेवायला बसायच्या आधी ओटा, गॅस आणि मागच्या टाइल्स पुसून घ्या. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. पण ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर आंबट काहीही लावू नका, हे दगड चुन्याचे असतात, चमक कायमची जाते. तिथे गरम पाणी आणि भांड्याचा साबण. लोखंडी तव्यालाही लिंबू नको. जाड मीठ टाकून कागदाने घासा, धुऊन गॅसवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा.

खायचा सोडा माशाच्या वासावर फारसा चालत नाही. तो आंबूस वासाला: फ्रिजमध्ये नासलेलं दूध सांडलं, डब्याला आंबलेल्या वरणाचा वास राहिला, तिथे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळताना व्हिडिओत फार छान दिसतं, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि हाती खारट पाणी उरतं. आणि व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. छोट्या खोलीत ते फार धोक्याचं.

दालचिनी-लवंग उकळणं वगैरे करा हवं तर, तासाभरात उतरतं.

डोकी, कल्ले, काटे वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवा आणि घंटागाडी आली की द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण रात्रभर ओल्या कचऱ्याच्या डब्यात राहिलेली डोकी बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात.

सुके बोंबील भाजणार असाल तर यातलं काहीच पुरणार नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.