वाचकांचे प्रश्न : शब्द ओळखीचा, पण त्याची सोबत अनोळखी

प्रश्न : गेले वर्षभर मी रोज दहा नवे इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते. वहीत तीन हजारांहून अधिक शब्द जमले आहेत. परंतु लिहायला बसले की त्यांतला एकही आठवत नाही आणि ओढूनताणून वापरला तर तो चुकीचा ठरतो. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपले कष्ट वाया गेले, असे मी मुळीच म्हणणार नाही. वाचताना समोर आलेला शब्द ओळखता येणे हीसुद्धा मोठी कमाई आहे. मात्र शब्द ओळखू येणे वेगळे आणि तो लिहिताना हाताशी असणे वेगळे. आपल्या वहीत शब्द आणि त्याचा अर्थ एवढेच आहे. तो शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो, याची नोंद नाही.

हे मराठीवरून चटकन लक्षात येईल. आपल्याकडे झोप गाढ असते, निराशा घोर असते, अंधार मिट्ट असतो आणि ऊन रणरणते. या सर्व विशेषणांचा रोख ‘अतिशय’ याच अर्थाकडे असला, तरी ‘मिट्ट निराशा’ किंवा ‘रणरणती झोप’ असे कोणी म्हणत नाही आणि हे आपल्याला कोणी शिकवावेही लागले नाही. इंग्रजीत याच न्यायाने पाऊस ‘हेवी’ असतो पण वारा ‘स्ट्राँग’ असतो. निर्णय ‘मेक’ करतात, गुन्हा मात्र ‘कमिट’ करतात. या जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात, आणि प्रगत शब्दसंग्रहाचा खरा गाभा तोच आहे, असे माझे ठाम मत आहे.

सोबतीइतकाच शब्दाचा रंगही महत्त्वाचा असतो. ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ ही दोन्ही विशेषणे कमी खर्च करणाऱ्याला लागतात. पण पहिल्यात काटकसरीचे कौतुक आहे आणि दुसऱ्यात चिक्कूपणाची निंदा. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांतील फरक तर जपलाच पाहिजे. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे निःस्वार्थ व निःपक्षपाती असावा. तो ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे प्रकरणात रसच नसलेला असेल, तर न्यायाचे कठीण आहे.

म्हणून रोज दहाऐवजी तीनच शब्द घ्यावेत. प्रत्येक शब्द जिथे भेटला ते संपूर्ण वाक्य लिहून ठेवावे आणि त्याखाली स्वतःच्या अनुभवातले एक वाक्य रचावे. उजळणी कधी करावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाठ केलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये दाखवून दिले. पुढे सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली : आठवलेल्या शब्दाचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि त्याची पाळी उशिरा येते, तर विसरलेल्याचे कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक जुना डबा एवढ्यावर हे साधते.

प्रश्न : उच्च शिक्षणासाठी किती इंग्रजी शब्द यावे लागतात?

उत्तर : भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे, तर सुमारे 8,000 ते 9,000 शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. शब्दकुळ म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ यांसारखा एकाच मुळापासून वाढलेला परिवार. एवढी कुळे आली की मजकुरातील 98 टक्के शब्द ओळखीचे होतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच अडतो आणि तो संदर्भाने उलगडतो. मात्र हा आकडा पाहून धास्तावू नये. विद्यार्थ्यांनी आधी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ हाती घ्यावी. तिच्यात 570 शब्दकुळे आहेत आणि ती सर्वच विद्याशाखांच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटतात.

प्रश्न : जोराचा पाऊस पडत असताना मी सहकाऱ्यांसमोर ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हटले, तेव्हा ते हसले. हा वाक्प्रचार पुस्तकात तर दिलेला आहे. मग वाक्प्रचार शिकायचे तरी कशासाठी?

उत्तर : आपण चुकला नाहीत, तो वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात आता जुनाट वाटतो, इतकेच. वाक्प्रचार समजण्यासाठी पुष्कळ शिकावेत, पण वापरण्यासाठी थोडेच निवडावेत. ते घडीव असतात. आपल्या नाकी नऊ येतात, दहा येत नाहीत. तसेच ‘किक द बकेट’मधील ‘बकेट’च्या जागी त्याच अर्थाचा ‘पेल’ ठेवला, तर मरण्याचा अर्थ नाहीसा होऊन केवळ बादलीला मारलेली लाथ उरते. शिवाय त्या वाक्प्रचाराचा सूर उथळ आहे. शोकसंदेशात आपण ‘गचकले’ असे लिहीत नाही, त्याचप्रमाणे हाही तिथे चालणार नाही. शब्दकोशात ‘इन्फॉर्मल’ किंवा ‘ओल्ड-फॅशन्ड’ अशा खुणा दिलेल्या असतात, त्या अर्थाइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात.

वाक्प्रचारांआधी ‘फ्रेझल व्हर्ब’, म्हणजे ‘ऑफ’, ‘आउट’ असे छोटे शब्द जोडून बनलेली क्रियापदे, पक्की करावीत, असा माझा आग्रह आहे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. वाक्प्रचार टाळूनही उत्तम इंग्रजी बोलता येते. यांच्यावाचून मात्र पानोपानी अडते.

प्रश्न : इंग्रजी लेखांत लॅटिन, फ्रेंच, जर्मन शब्दप्रयोग सतत येतात. ते कसे लक्षात ठेवावेत, त्यांचा उच्चार कसा करावा आणि आपल्या लेखनात ते वापरावेत का?

उत्तर : 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली, आणि विद्वत्तेचा व धर्माचा व्यवहार लॅटिनमध्ये चाले. त्यामुळे उसने घेणे हा इंग्रजीचा जुना स्वभाव आहे. आपल्यालाही हे नवे नाही : ‘किंबहुना’ हा अख्खा संस्कृत वाक्प्रयोग आज आपण साधा मराठी शब्द म्हणून वापरतो.

अशा शब्दप्रयोगांचा शब्दशः अर्थ एकदा पाहिला की ते सहसा विसरत नाहीत. ‘अ‍ॅड हॉक’ म्हणजे ‘याच्यासाठी’, म्हणून तेवढ्या कामापुरती नेमलेली समिती ‘अ‍ॅड हॉक’ असते. ‘फो पा’ म्हणजे चुकीचे पाऊल, ‘कार्त ब्लांश’ म्हणजे कोरा कागद, म्हणून पूर्ण मोकळीक. ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ यांची गल्लत तर मी शोधनिबंधांतही पाहिली आहे. पहिले ‘इड एस्ट’, म्हणजे ‘अर्थात’. दुसरे ‘एक्सेम्प्ली ग्राशिया’, म्हणजे ‘उदाहरणार्थ’. दुसऱ्याच्या जागी पहिले पडले, की दिलेले उदाहरण हीच व्याख्या होऊन बसते.

उच्चारांत दोन्ही बाजूंनी चूक होते. ‘कू’ (coup, म्हणजे अचानक केलेला सत्तापालट) यातील शेवटचा ‘प’ लिहितात पण उच्चारत नाहीत, हे कळल्यावर अनेक जण ‘कू द ग्रास’ (coup de grâce, म्हणजे अखेरचा घाव) यातील ‘स’ही गाळून टाकतात. तो उच्चारायचाच असतो. ऐकल्याशिवाय असा शब्द बोलू नये. आता बहुतेक ऑनलाइन शब्दकोशांत उच्चार ऐकता येतो.

वापराच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो : या शब्दाचे काम साधा इंग्रजी शब्द करू शकतो का? दुसऱ्याचे वाईट झालेले पाहून होणाऱ्या आनंदासाठी जर्मनमधून आलेला ‘शाडेनफ्रॉइड’ इंग्रजीला हवाच होता, कारण ती भावना तितक्या नेमकेपणाने सांगणारा रुळलेला शब्द तिच्याकडे नव्हता. परंतु ‘अबाउट’ने भागत असताना ‘व्हिझ-आ-व्ही’ लिहिले, तर वाचकाला विनाकारण अडखळावे लागते.

प्रश्न : शब्दकोश कोणता वापरावा?

उत्तर : ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने 1948 मध्ये प्रसिद्ध केलेला कोश परभाषक विद्यार्थ्यांसाठीच रचलेला होता. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत, तसेच त्याच धर्तीच्या इतर ‘लर्नर्स डिक्शनरी’त अर्थ सोप्या शब्दांत असतो आणि सोबतीला उदाहरणवाक्येही असतात. इंग्रजी-मराठी कोश अर्थाची पहिली खात्री करण्यापुरता पाहावा. पर्यायी शब्दांचा संग्रह, म्हणजे ‘थिसॉरस’, हा विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी असतो. तिथून अनोळखी शब्द उचलून थेट वाक्यात बसवण्यापूर्वी तो लर्नर्स डिक्शनरीत शोधून त्याची दोन वाक्ये अवश्य वाचावीत.