पहिली ली-एनफिल्ड तपासताना

भाऊ, साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. तिथल्या जुन्या फौजींच्या आठवणी जरूर ऐका, पण ली-एनफिल्ड या जुन्या फौजी रायफलचं साल लोखंडावर ठोकलेल्या छाप्यांवरूनच ठरवा. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी भागावर बहुधा उजवीकडे कारखाना, मॉडेल आणि साल कोरलेलं असतं. मुकुट असेल तर इंग्रजी अमदानीतली. बंगालमधल्या ईशापूर कारखान्याच्या रायफलवर अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर स्वातंत्र्यानंतरची. मग बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांडीवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. नळीवरचं साल वेगळं निघालं म्हणून लगेच बनावट म्हणू नका. फौजेत नळ्या बदलल्या जायच्याच.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पॉलिश पेपरने घासणं. छापे गेले की पुरावाच गेला.
- १९६२ च्या युद्धानंतरच्या ७.६२ मिमी काडतुसाच्या ईशापूर ‘२ए’ रायफलला .३०३ (इंच) काडतुसाची जुनी ली-एनफिल्ड समजणं. तिचं मॅगझिन चौकोनी असतं.

.३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (म्हणजे कायद्याने मनाई असलेला नळीचा माप) आहे, त्यामुळे आधी मालकाचा परवाना बघा. लाकडावरचे बारीक शिक्के सध्या सोडून द्या.