बेसबॉलमधील साय यंग पुरस्कार सर्वप्रथम कोणी जिंकला?
मेजर लीगमधील, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधील, सर्वोत्कृष्ट पिचरचा (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) हा पुरस्कार, ज्याच्या आजच्या फलकावर चेंडू घट्ट पकडलेला हात दिसतो, १९५६ साली पहिल्यांदा दिला गेला आणि तो ब्रुकलिन डॉजर्सच्या डॉन न्यूकम यांनी पटकावला. ज्यांचे नाव या पुरस्काराला दिले, ते ५११ विजयांचा, आजही अबाधित असलेला विक्रम करणारे पिचर साय यंग १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये निवर्तले होते. न्यूकम यांनी त्या हंगामात २७ सामने जिंकले, अवघे ७ गमावले आणि मेजर लीगमधील दोन लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचे सर्वात मौल्यवान खेळाडूही तेच ठरले. मला त्यांचे यश फार मोठे वाटते, कारण १९६६ पर्यंत दोन्ही लीग मिळून हा एकच पुरस्कार असे, आणि वर्णभेदाच्या काळात निग्रो लीगमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधून, वर आलेल्या या कृष्णवर्णीय पिचरने तो पहिल्याच वर्षी मिळवला.