आयातशुल्क वाढवलं तर आयफोन बनवण्याच्या नोकऱ्या अमेरिकेत परत येतील का?

तुम्ही प्रश्नात एक गोष्ट धरूनच चालला आहात: चीनमध्ये मजुरी स्वस्त म्हणून फोन तिथे बनतात, तेव्हा टॅरिफ लावून तो माल महाग केला की गणित अमेरिकेच्या बाजूने सुटेल. मी बारा वर्षं कंत्राटी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत काढली, त्यातली काही चीनमध्ये आणि काही अमेरिकेत. मजुरीचा मुद्दा खोटा नाही, पण खरी अडचण तिथे नाही.

क्रेमर, लिंडन आणि डेड्रिक या संशोधकांनी २०१० च्या आयफोनचा पैसा कुठे कुठे जातो याचा हिशोब मांडला होता. विक्रीच्या किमतीत चीनमधल्या मजुरीचा वाटा १.८ टक्के, अ‍ॅपलचा नफा ५८.५ टक्के. मजुरी पाचपट झाली तरी कंपनी बुडत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात साच्यापाशी, म्हणजे प्लास्टिकचे भाग ज्यात ओतून घडवतात त्या पोलादी साच्यापाशी.

चीनमधल्या डोंगग्वानमध्ये एकदा एका छोट्या उपकरणाचं प्लास्टिकचं झाकण ढिलं बसत होतं. झाकणाला आतून दोन हुक असतात, ते खोबणीत खटकन अडकायला हवेत. आमचे अडकायचे, पण अंगठ्याने जरा रेटलं की सुटायचे. हुक ०.१ मिलिमीटरने मोठे करायचं ठरलं. साचा बनवताना अशा जागी पोलाद मुद्दाम जास्त ठेवतात, कारण पोलाद खरवडून काढणं सोपं, पुन्हा भरणं कटकटीचं. दुपारी चारला साचा मशीनवरून उतरवला आणि ट्रॉलीवर घालून ढकलत टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवण्या-दुरुस्तीच्या कारखान्यात नेला. टूलरूम त्याच रस्त्यावर, तीन इमारती सोडून. रात्री स्पार्क इरोजनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवणाऱ्या यंत्रावर काम झालं, मग पॉलिश, आणि सकाळी साडेआठला नवे नमुने माझ्या टेबलावर. यात काही विशेष झालं असं तिथे कोणालाच वाटलं नाही.

तशीच दुरुस्ती पुढे अमेरिकेतल्या एका कारखान्यात निघाली. पहिला प्रश्न हाच, की साच्याला हात कोण लावणार? साचा मुळात चीनमध्येच बनलेला. विमानाने परत पाठवला. जाऊन-येऊन तीन आठवडे गेले आणि तोवर लाइनवरची माणसं बसून होती. महाग मजुरीचा चटका बसला तो असा, काम न होण्याचा.

अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक २०१७ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूला बोलले होते, की अमेरिकेत टूलिंग इंजिनिअरांची (साचे आणि हत्यारं घडवणाऱ्यांची) बैठक बोलावली तर एक खोली भरेल की नाही सांगता येत नाही, चीनमध्ये फुटबॉलची कितीतरी मैदानं भरतील. यजमानांच्या घरी बसून केलेलं कौतुक म्हणून थोडं कमी धरा. शिवाय ती मैदानं भरायला अ‍ॅपलनेच किती हातभार लावला, हे ते बोलले नाहीत. तरी म्हणणं खरं आहे. अ‍ॅपलच्या २०१३ च्या मॅक प्रो संगणकाची जोडणी टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू झाली आणि काम अडलं ते एका स्क्रूवर. ज्या छोट्या कारखान्यावर भिस्त होती त्याची क्षमता दिवसाला हजार स्क्रू. नंतर एका पुरवठादाराने २८,००० स्क्रू २२ खेपांत पोचवले, काही खेपा तर मालकाने स्वतःच्या गाडीतून केल्या. चीनमध्ये एवढे स्क्रू मागितले तर दुकानदार विचारेल, नमुन्याला हवेत का?

माणसांचं गणितही असंच. फेब्रुवारी २०११ मध्ये एका जेवणाच्या वेळी ओबामांनी स्टीव्ह जॉब्सना विचारलं, की आयफोन अमेरिकेत बनवायला काय लागेल? उत्तर सरळ होतं: त्या नोकऱ्या परत येणार नाहीत. आयफोनच्या जोडणीवर असलेल्या सुमारे दोन लाख कामगारांवर देखरेखीला ८,७०० इंजिनिअर हवे होते. अमेरिकेत ते जमवायला नऊ महिने लागतील असा कंपनीचा अंदाज होता. चीनमध्ये १५ दिवस लागले.

पण हे ऐकून माझे काही सहकारी जसे भारावून जातात, तसा मी जात नाही. पहिल्या आयफोनची प्लास्टिकची स्क्रीन ऐनवेळी काचेची केली, तेव्हा मध्यरात्री ८,००० कामगारांना वसतिगृहातून उठवलं, एकेक बिस्कीट आणि कपभर चहा दिला आणि अर्ध्या तासात बारा तासांच्या शिफ्टला उभं केलं, असं अ‍ॅपलच्याच एका माजी अधिकाऱ्याने सांगितलेलं आहे, तेही कौतुकाने. त्याला ‘लवचिकता’ म्हणायचं असेल तर म्हणा. ही नोकरी आपल्या मुलाला मिळावी असं ओहायोतल्या कुठल्या बापाला वाटत असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून एप्रिल २०२५ मध्ये वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक टीव्हीवर म्हणाले की बारीक स्क्रू बसवणारी लाखो माणसांची फौज असते, ते काम अमेरिकेत येणार, तेव्हा मी पुढचं वाक्य नीट ऐकलं. पुढचं वाक्य होतं: ते यंत्रं करतील, आणि आपली माणसं यंत्रं दुरुस्त करतील. म्हणजे काम येणार, फौज नाही. विस्कॉन्सिनचं उदाहरण आहेच. २०१७ मध्ये आयफोन जोडणाऱ्या तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीने तिथे १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला, ट्रम्प यांनी त्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हटलं, आणि २०२१ च्या सुधारित करारात उरल्या १,४५४ नोकऱ्या. शुल्काने जोडणी हलते हे मात्र खरं. २०२५ मध्ये अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे आयफोन भारतातून जायला लागले. हलली, पण घरी नाही गेली.

यावर ‘मग सोडून द्या विषय’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्या विखरून नाही गेल्या, ठरावीक गावांतून गेल्या. तिथल्या लोकांना स्वस्त टीव्हीचा हिशोब दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ आहे.

परत येतंय ते वेगळ्या जातीचं काम. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना अमेरिकेत फिनिक्सजवळ सुरू झालाय, पण २०२३ मध्ये त्यांनी कुशल माणसं मिळत नाहीत म्हणून तारीख पुढे ढकलली आणि तैवानहून तंत्रज्ञ आणले. केंटकीतल्या हॅरॉड्सबर्गला कॉर्निंग कंपनीची काच पहिल्या आयफोनपासून बनते. सगळ्या आयफोनची काच तिथेच घ्यायचं अ‍ॅपलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. हे टिकेल असं मला वाटतं, कारण तिथे भट्टी आणि ती चालवणारी माणसं आधीपासून आहेत.

माझ्या हातात पैसा दिला तर मी जोडणीच्या लाइनला एक डॉलरही देणार नाही, सगळा टूलरूममध्ये घालेन. वर सांगितलेल्या अमेरिकन कारखान्यात एक टूलमेकर होता, साठी उलटलेला. साच्याकडे बघून त्याने दोष बरोबर ओळखला; यंत्र असतं तर दुरुस्तही केला असता. मी विचारलं, हाताखाली कोणी शिकतंय का? म्हणाला, एक पोरगा होता, चांगला होता. डेटा सेंटरमध्ये एसी बसवायच्या कामावर गेला. तिथे तासाला सहा डॉलर जास्त मिळतात.