भंडारदऱ्याच्या पावसात एकट्याने मुक्काम

प्रश्न : नमस्कार ताई. मी नाशिकचा, वय 26, रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 बाईक चालवतो. गेल्या ऑगस्टमध्ये एकटाच भंडारदऱ्याला गेलो होतो, रतनवाडीच्या बाजूला कच्च्या रस्त्याने आत जाऊन तंबू लावला आणि रात्री इतका कुडकुडलो की पहाटे चारला सगळं गुंडाळून निघालो. तंबू गळला नव्हता, तरी स्लीपिंग बॅग ओली, अंगातले कपडे ओले. रेनकोट होता, जॅकेट होतं. एवढी थंडी तर तिथे नव्हती, मग माझं काय चुकलं? यंदा परत जायचंय पण आई नको म्हणतेय. – एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, चारला अंधारात कुडकुडत त्या रस्त्याने गाडी काढलीस हे वाचूनच पोटात गोळा आला. बोटं गारठली की क्लच-ब्रेकचा अंदाज जातो आणि डोकंही नीट चालत नाही, म्हणून पुढच्या वेळी असं झालं तर निघायचं नाही, आधी अंग गरम करायचं.

आता चुकलं काय ते. थंडी म्हणजे बर्फच पाहिजे असं नसतं रे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने ओढून घेतं, त्यामुळे वीस डिग्रीलासुद्धा ओल्या बनियनवर दिवसभर वारा खाल्ला की माणूस गारठतो. आणि तुझा रेनकोट बाहेरचं पाणी अडवत होता तसाच आतला घामही अडवत होता, चिखलात गाडी ढकलताना घाम काय कमी येतो का? वर आत सुती टीशर्ट असेल तर तो सगळा घाम पिऊन बसतो आणि वाळत नाही. आत घाम लवकर वाळवणारा पॉलिस्टरचा ड्रायफिट टीशर्ट घाल, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, आपल्याकडे धनगर पावसात घोंगडी उगाच नाही घेत.

तंबूचंही तेच. मी पहिल्यांदा तिकडच्याच साम्रद गावाजवळ तंबूत राहिले तेव्हा पाऊस आत येऊ नये म्हणून सगळ्या चेन घट्ट लावल्या, आणि मध्यरात्री टॉर्च वर मारला तर कापडाला आतून बारीक बारीक थेंब लागलेले, हात लागला की ओघळून पायाशी यायचे. पाऊस नव्हता तो, माझाच श्वास होता. तेव्हापासून वरची जाळी कितीही वारा असला तरी थोडी उघडी ठेवते, ओलं जॅकेट आणि बूट आत घेत नाही, वरच्या कापडाच्या पडवीतच ठेवते. अंगाखाली मात्र जाड फोमची मॅट हवीच, कारण अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते आणि मग जमीन रात्रभर ऊब खेचत राहते.

आणि माझा एक हट्ट आहे तो ऐकच. झोपायचे कपडे आणि मोजे, एक जोड, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवायचे आणि काहीही झालं तरी गाडीवर घालायचे नाहीत. सकाळी परत ते ओलेच कपडे चढवायचे, जिवावर येतं, पण दहा मिनिटांत सवय होते आणि रात्रीची सोय शाबूत राहते. चहा बाहेर कर, थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा गॅस तंबूत घ्यायचा नाही, त्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेत कळत नाही.

जागा मुरमाची, जरा उंचवट्यावरची बघ, ऑगस्टमध्ये भातखाचरात पाणी असतं आणि ओढ्याकाठी तर नकोच. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, म्हणून जंगलात गाडी घालायची नाही, गावात विचारून कुणाच्या अंगणात किंवा खळ्यावर तंबू लाव. उजेड असताना, साडेचार-पाचलाच थांब.

गाडीचं थोडक्यात सांगते. चिखलात टायरची हवा जरा कमी कर, पण तुझे टायर ट्यूबवाले आहेत, फार उतरवलीस तर दगडावर आपटून ट्यूब जाईल, पंप सोबत ठेव. रस्त्यावर पाणी असेल तर ते आधी पायी चालून बघ. साइड स्टँडखाली चपटा दगड लाव. दोनशे किलोच्या आसपासची गाडी एकट्याने उचलायची तर गाडीकडे पाठ कर, सीटला कंबर टेकव आणि पायांच्या जोराने मागे रेटत उभी कर, पण हे घरासमोर कुणाला तरी सोबत घेऊन दोन-चारदा करून बघ, तिथे पहिल्यांदा नको.

आईचं म्हणणं मला पटतं, एकटं जाणं सोपं नाहीये. तिकडे रेंज कुठे असते कुठे नसते, म्हणून कुठल्या गावात राहणार, कुठल्या रस्त्याने येणार हे कागदावर लिहून तिला दे. रविवारी अमुक वाजेपर्यंत फोन करीन असं ठरव आणि नाही आला तर तिने 112 या मदतीच्या नंबरला फोन करायचा हेही त्याच कागदावर लिही. आणि परतताना घोटीला पोचलास की चहा नंतर, आधी तिला फोन कर.