सातबाऱ्यावरची पीकनोंद आणि बाजार समितीची आवक, या दोन प्रणालींच्या ऑन्टॉलॉजी (वस्तूंचे वर्ग आणि त्यांच्यातले संबंध मांडणारे आराखडे) एकत्र कशा करायच्या?

नाव सारखं दिसलं म्हणून वर्ग जोडू नका, आधी अर्थ तपासा. पीकपाहणीतला ‘कापूस’ म्हणजे वावरात उभी पऱ्हाटी, हेक्टर-आरमध्ये मोजलेली. बाजार समितीतला ‘कापूस’ म्हणजे वेचलेला, सरकीसकट, क्विंटलमध्ये. ओडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत, दोघांना समतुल्य ठरवलंत की रीझनर (नोंदींवरून आपोआप निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) उभ्या पऱ्हाटीलाही क्विंटलचा भाव लावेल! त्यापेक्षा दोन वर्ग वेगळेच ठेवा आणि मध्ये ‘पासून मिळतो’ हा संबंध टाका. उद्या जिनिंगचा डेटा आला तर रुई आणि सरकी याच साखळीत बसतील.

गावं मात्र थेट जोडा, पण जनगणनेच्या कोडवरून. ‘पिंपळगाव’ किती आहेत, मोजून बघा. खात्री नसेल तिथे स्कॉस या संकल्पना जोडण्याच्या मानकातलं क्लोजमॅच, म्हणजे ‘जवळपास सारखं’ हे नातं वापरा. ते संक्रामक नसतं, म्हणजे अ-ब आणि ब-क जुळले तरी अ-क जुळतात असं धरलं जात नाही, म्हणून एक चूक पुढे पसरत नाही.