चिठ्ठ्या-पावत्यांची कादंबरी

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. अमेरिकेतील मावशीने तिला ‘मिडल स्कूल इज वर्स दॅन मीटलोफ’ (मीटलोफ म्हणजे खिमा थापून भाजलेला पदार्थ) हे पुस्तक पाठवले. त्यात सलग मजकूर जवळजवळ नाहीच. पानोपानी चिठ्ठ्या, पावत्या आणि प्रगतिपुस्तके आहेत. याला कादंबरी म्हणावे का? तिची वाचनाची सवय बिघडेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ही कादंबरीच आहे आणि मला ती मनापासून आवडते. जेनिफर होम यांनी लिहिलेले व एलिशिया कास्ताल्दी यांच्या चित्रांनी सजलेले हे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जिनी डेव्हिस सातवीच्या आरंभी दहा संकल्पांची यादी करते, आणि सप्टेंबर ते जून या वर्षभरात घडते ते मात्र यादीबाहेरचेच : केस चुकून गुलाबी होतात, वर्गात बेडूक फेकल्याबद्दल शिक्षा होते, बॅलेमधली मुख्य भूमिका एकेकाळच्या जिवलग मैत्रिणीला मिळते.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवीची शाळा, म्हणजेच मिडल स्कूल, प्राथमिक शाळेहून वेगळी असते. इमारत नवी, विषयागणिक शिक्षक वेगळे, सोबतीही बरेचसे नवे. बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलींना जिनीची तारांबळ कळावी, म्हणून एवढे आपल्या लेकीला आधी सांगावे.

आता आपली भीती. येथे निवेदक काहीच समजावून सांगत नाही. एका चिठ्ठीपासून पुढच्या पावतीपर्यंत मध्ये काय घडले, कोण रागावले, कोणी माघार घेतली, हे वाचणाऱ्या मुलीलाच ताडावे लागते, आणि संकल्पाचा बोजवारा उडाल्याचा पुरावा समोर आला की हसूही तिथेच फुटते. हे वाचन आळशी मुळीच नाही. मात्र निसर्गवर्णन किंवा लांब, डौलदार वाक्ये यांची गोडी या पुस्तकातून लागणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी याच लेखिकेची ‘पेनी फ्रॉम हेवन’ ही सलग गद्यातील कादंबरी तिला पुढे द्यावी. १९५३ सालच्या न्यू जर्सीत घडणाऱ्या या गोष्टीला बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतील न्यूबेरी सन्मान मिळाला आहे.

तोवर रात्री तिच्याजवळ बसून कोणतीही दोन पाने उघडावीत आणि मधली गोष्ट तिला मराठीत सांगायला लावावी.